शितावरून भाताची परीक्षा होत नाही तेव्हा

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत भाताची लावणी सुरू झाली, की प्राथमिक आरोग्य केंद्रांना सर्पदंशाच्या रुग्णांची तयारी ठेवावी लागते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर दिले जाणारे इंजेक्शन छोट्या बाटलीत कोरड्या पांढऱ्या भुकटीच्या रूपात येते. त्यात १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ते विरघळवायचे आणि सलाईनमधून सोडायचे. त्याच केंद्राच्या फ्रिजमध्ये पोलिओचे डोस असतात, कुत्रा चावल्यावर द्यायची रेबीजची लस असते. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या रुग्णांना फॅक्टर आठची इंजेक्शने मिळतात. आरएच निगेटिव्ह बाळंतिणीचे बाळ आरएच पॉझिटिव्ह असेल, तर तिला अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणारी गोळी आणि ही औषधे यांत मूलभूत फरक आहे. गोळी रसायनांपासून बनते. ही औषधे मात्र कुठल्या ना कुठल्या सजीवाकडून घेतलेली असतात. सापाच्या विषावरचा उतारा घोड्याच्या रक्तातून येतो. अँटी-डी येते माणसाच्या रक्तातून. रेबीजच्या लशीतला विषाणू बहुधा माकडाच्या मूत्रपिंडातून मिळवलेल्या पेशींवर वाढवतात. नव्या पद्धतीचे फॅक्टर आठ बरेचदा चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींकडून करवून घेतात. या औषधांना जैविक औषधे म्हणतात, आणि त्यांची मोठी अडचण त्यांच्या जन्मातच आहे. विषाणू जिवंत पेशीखेरीज कुठेच वाढत नाही, आणि जैविक औषध तर जिवंत पेशीतच तयार होते. पेशींना मानवणारी ऊब, पोषण आणि आर्द्रता आपण कारखान्यात मुद्दाम निर्माण करतो. तिथे एखादा विषाणू शिरला, तर त्याच्यासाठीही सगळी सोय झालेली असते.

जिवाणू शिरला तर निदान तो लवकर उघडा पडतो. द्रव गढुळतो, पेशी मरतात, मांसरसात नमुना टाकला की वाढ दिसते. विषाणू शिरल्यावर द्रव पूर्वीसारखाच स्वच्छ दिसू शकतो, पेशीही पूर्वीसारख्याच वाढू शकतात. औषध बाटलीत भरले जाते, त्यावर लेबल लागते आणि ते माणसाच्या थेट रक्तात जाते. तोंडावाटे घेतलेल्या गोष्टीला निदान जठरातले आम्ल पार करावे लागते. शिरेतून दिलेल्या औषधाच्या वाटेत तसा कोणताच अडथळा नसतो.

महाराष्ट्राला याची किंमत ठाऊक आहे, आणि ती कुणी मोजली हे विसरता कामा नये. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात प्लाझ्मा विकणे हे कित्येक गरिबांचे पोट भरण्याचे साधन होते. रक्त काढायचे, यंत्रात फिरवून त्यातला पिवळसर प्लाझ्मा वेगळा करायचा आणि तांबड्या पेशी त्याच माणसाला परत चढवायच्या, अशी ही पद्धत. तांबड्या पेशी परत मिळत असल्याने माणूस वारंवार प्लाझ्मा देऊ शकतो. पण परत चढवताना सुई, नळ्या, पिशव्या यांची शिस्त सुटली, तर एकाचा संसर्ग दुसऱ्याला व्हायला वेळ लागत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील कल्याण बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले, की पुण्यातल्या पैसे घेऊन प्लाझ्मा देणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचा उद्रेक झाला आहे. भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला होता १९८६ मध्ये, चेन्नईत. म्हणजे अवघ्या दोन-तीन वर्षांत तो प्लाझ्माच्या व्यापारात पोहोचला होता. त्याच सुमारास मुंबईत तयार झालेल्या रक्तजन्य औषधांत एचआयव्हीची प्रतिद्रव्ये, म्हणजे त्या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, आढळली आणि हे उत्पादन थांबवण्याची वेळ सरकारवर आली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बाटलीत प्रतिद्रव्य सापडले म्हणजे जिवंत विषाणू सापडला असे नाही. प्रतिद्रव्य सांगते एवढेच, की ज्यांच्या प्लाझ्मापासून हे औषध बनले, त्यांच्यात कुणीतरी संसर्ग झालेला होता. पुढे अल्कोहोलने, उष्णतेने विषाणू मेला असेल, किंवा नसेलही. पण दात्यांची तपासणी झाली नव्हती किंवा पुरेशी झाली नव्हती, हे मात्र त्यातून उघड होते. ज्या प्रक्रियेच्या पहिल्याच पायरीवर हलगर्जी झाली, तिच्या पुढच्या पायऱ्यांवर भरवसा कसा ठेवायचा? १९८९ पासून दिलेल्या रक्ताची एचआयव्ही चाचणी बंधनकारक झाली. रक्ताच्या विक्रीचा धंदा मात्र चालूच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला, आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशभर बंदी आली. मधल्या काळात ज्या हमालांनी, रिक्षा ओढणाऱ्यांनी, बेघरांनी प्लाझ्मा विकला, त्यांच्यातले कितीजण एड्सने गेले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. जैविक औषधांच्या सुरक्षिततेची चर्चा नेहमी रुग्णापासून सुरू होते. ती दात्यापासूनही सुरू व्हायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

युरोप-अमेरिकेत हीच शोकांतिका हिमोफिलियाच्या रुग्णांवर कोसळली. फॅक्टर आठ हे रक्त गोठवणारे प्रथिन रक्तात फारच कमी असते, म्हणून त्याचे औषध बनवताना हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकाच टाकीत एकत्र केला जाई. त्या हजारांतला एक दाता संसर्गित असला, तरी अख्खी टाकी दूषित. अमेरिकेत तीव्र हिमोफिलिया असलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्यांना १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत एचआयव्हीची लागण झाली. जपान आणि फ्रान्समध्येही हेच घडले, आणि तिथे जबाबदार अधिकाऱ्यांवर खटले चालले.

आता साहजिक प्रश्न येतो: टाकीतला नमुना काढून तपासला की झाले, मग एवढी गुंतागुंत कशाला?

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. एक शीत बोटांनी दाबून पाहिले की पातेल्यातला भात शिजला की नाही ते कळते, कारण सगळ्या शितांना सारखीच आच लागलेली असते. विषाणूंचे तसे नसते. ते टाकीत इथे-तिथे विखुरलेले, आणि फार थोडे असतात. हिशेबच करून पाहू. १,००० लिटरची टाकी आहे. तपासणीला त्यातला एक मिलिलिटर घेतला. टाकीत दर लिटरमागे १० विषाणू असतील, म्हणजे सगळ्या टाकीत १०,००० असतील, तरी त्या एका मिलिलिटरात एकही न येण्याची शक्यता ९९ टक्के आहे. दर लिटरला १०० असतील तर ही शक्यता ९० टक्के. आणि दर लिटरला १,००० असतील, म्हणजे टाकीत तब्बल दहा लाख विषाणू असतील, तरीही सुमारे ३७ टक्के वेळा आपल्या नमुन्यात एकही येणार नाही. चाचणी निर्दोष असेल, प्रयोगशाळा उत्तम असेल, तंत्रज्ञ प्रामाणिक असेल, आणि तरी अहवालावर 'आढळला नाही' असेच लिहिले जाईल. ते खोटेही नसेल.

जैविक औषधे विषाणूंपासून सुरक्षित ठेवण्याच्या विद्येचा सगळा डोलारा या एका हिशेबावर उभा आहे. अहवालात विषाणू आढळला नाही म्हणून औषध सुरक्षित ठरत नाही. सुरक्षितता तयार करण्याच्या पद्धतीत मुरवावी लागते. म्हणून जगभर तीन कामे एकमेकांच्या जोडीने केली जातात. स्रोत शक्य तितका स्वच्छ निवडायचा. वाटेत ठिकठिकाणी तपासायचे. आणि विषाणू आहेच असे धरून चालून त्याला मारण्याच्या किंवा गाळून काढण्याच्या पायऱ्या प्रक्रियेत घालायच्या. १९९७ मध्ये औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने यासाठी जी मार्गदर्शिका काढली आणि २०२३ मध्ये सुधारली, तिचा गाभा हाच आहे.

यातले तिसरे काम कसे चालते, हे आपल्या सुरगाण्यातल्या सर्पदंशाच्या औषधाच्या बाटलीवरूनच पाहता येईल. मुंबईच्या परळमधल्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. तिची औषधनिर्मितीची शाखा आज हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ म्हणून ओळखली जाते आणि तिचे घोडे पिंपरीला असतात. घोड्याला सापाचे विष अगदी अल्प मात्रेपासून, हळूहळू वाढवत टोचतात. काही महिन्यांत त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये साठतात. मग ठरावीक प्रमाणात रक्त काढून प्लाझ्मा वेगळा केला जातो. घोड्याला त्याचे स्वतःचे विषाणू असतातच. घोड्यांचा संसर्गजन्य पंडुरोग विषाणूनेच होतो, आणि डासांमार्फत पसरणारे काही मेंदूज्वराचे विषाणू घोड्यातही आढळतात. म्हणून घोडा कळपात घेण्याआधी त्याला वेगळा ठेवतात, तपासतात, त्याची नोंदवही ठेवतात. पण खरी गंमत पुढे आहे.

प्लाझ्मात पेप्सिन घालतात. पेप्सिन म्हणजे आपल्या जठरात प्रथिने पचवणारे विकर. त्याला काम करायला आम्ल लागते, म्हणून द्रवाचा पीएच साधारण ३.३पर्यंत खाली आणला जातो आणि तो कोमट तापमानाला काही काळ ठेवला जातो. पेप्सिन प्रतिद्रव्याची शेपटी कापून टाकते आणि विषाला पकडणारे दोन हात तेवढे शिल्लक ठेवते. शेपटी कापायची, कारण तिच्यामुळे माणसाला तीव्र अ‍ॅलर्जी येण्याचा धोका वाढतो. ही पायरी आली ती याच कारणासाठी; त्या वेळी विषाणूंचा विचार कुणी केलेला नव्हता. पुढे लक्षात आले, की एवढे आम्ल आणि पेप्सिन एकत्र आले की चरबीचे आवरण असलेले विषाणू नष्ट होतात. काही कारखाने नको असलेली प्रथिने साका करून काढण्यासाठी कॅप्रिलिक आम्ल वापरतात. नारळाच्या तेलात आणि बकरीच्या दुधात सापडणारे हे आम्लही त्या चरबीच्या आवरणाला विरघळवते. सर्पविषावरच्या उताऱ्यातून माणसाला विषाणूचा आजार झाल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने घेतलेल्या आढाव्यात कुठेही नाही. अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी योजलेल्या पायरीने एवढी मोठी राखण केली, हा या शास्त्रातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. अर्थात आज ते योगायोगावर सोडता येत नाही. आम्लात किती मिनिटे, किती अंशाला ठेवले, याची नोंद ठेवून ती पायरी किती विषाणू मारते हे मोजून दाखवावे लागते.

मोजायचे कसे? कारखान्यात मुद्दाम विषाणू आणून टाकणे तर आत्मघात होईल. म्हणून त्या पायरीची हुबेहूब छोटी प्रतिकृती वेगळ्याच प्रयोगशाळेत मांडतात. तिथे द्रवात ठरलेल्या संख्येने विषाणू मिसळतात, पायरी पार पाडतात आणि शेवटी किती जिवंत उरले ते मोजतात. दहा लाखांतला एक उरला, तर ती पायरी विषाणूंना सहा 'लॉग'ने घटवते असे म्हणतात. एक लॉग म्हणजे दहापट घट. एका पायरीचे पाच लॉग आणि दुसरीचे चार, तर दोन्ही मिळून नऊ. पण ही बेरीज दोन्ही पायऱ्या वेगवेगळ्या तत्त्वांवर चालत असतील तरच मान्य होते. दोनदा आम्लातून काढले म्हणून लॉग दुप्पट होत नाहीत, कारण पहिल्या आम्लाला न जुमानणारा विषाणू दुसऱ्यालाही जुमानत नाही.

हा धडा हिमोफिलियाच्या रुग्णांनी शिकवला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क ब्लड सेंटरच्या बर्नार्ड हॉरोविट्झ यांच्या चमूने द्रावक आणि साबणासारखे रसायन एकत्र वापरून विषाणूंचे चरबीचे आवरण फोडण्याची पद्धत काढली. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिघांनाही तसे आवरण असते, त्यामुळे तिन्ही एकदम आटोक्यात आले. ब्रिटनमध्ये कोरड्या फॅक्टर आठला ८० अंश सेल्सियसला सलग ७२ तास तापवण्याची पद्धत आली. सुटकेचा निःश्वास टाकला गेला. आणि १९९०च्या आसपास इटली, जर्मनी, आयर्लंड, बेल्जियममध्ये द्रावक-साबणाने प्रक्रिया केलेले फॅक्टर आठ घेणाऱ्या रुग्णांना हिपॅटायटिस ए झाला. या विषाणूला चरबीचे आवरणच नसते, त्यामुळे साबणाला फोडायला काही उरत नाही. पार्व्होव्हायरस बी-१९ हा तर त्याहून चिवट आणि आकाराने फारच लहान.

अशा छोट्या, उघड्या विषाणूंसाठी गाळणी हाच उपाय उरला. १९८९ मध्ये जपानच्या असाही कासेई कंपनीने खास विषाणूंसाठी बनवलेली गाळणी बाजारात आणली. आज सर्वांत बारीक गाळण्यांची छिद्रे सुमारे १५ ते २० नॅनोमीटरची असतात. एचआयव्ही १०० नॅनोमीटरहून मोठा, हिपॅटायटिस बी सुमारे ४२, पार्व्हो २० ते २५. प्रतिद्रव्याचा रेणू त्याहून लहान, म्हणून तो पलीकडे जातो आणि विषाणू अलीकडे अडकतो. गाळून झाल्यावर गाळणी फेकून द्यायच्या आधी तिच्यावर दाब देऊन ती कुठे फाटली तर नाही ना, हेही तपासतात. ही तपासणी नापास झाली तर ती तुकडी जाऊ देत नाहीत.

इथवर सगळे ठीक आहे. पण ज्या औषधात विषाणूच औषध आहे, त्याचे काय?

पोलिओचा तोंडावाटे द्यायचा डोस म्हणजे दुबळा केलेला, जिवंत विषाणू. त्याला आम्लात टाकले, साबण घातला, बारीक गाळणीतून काढले, तर औषधच मरेल किंवा अडकेल. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोविशिल्डलाही हेच लागू होते, कारण तिच्यात विषाणूच कोरोनाचा संदेश शरीरात पोहोचवतो. हिमोफिलियावर जे जनुकीय उपचार येत आहेत, त्यातला एक वाहक विषाणू पार्व्होच्याच कुळातला आहे. बारीक गाळणी त्याच्यात आणि चोरट्या पार्व्होत फरक करू शकणार नाही. अशा औषधांसाठी तीन कामांतले तिसरे, मारण्याचे किंवा गाळण्याचे काम फारसे चालत नाही. सगळी भिस्त स्वच्छ स्रोतावर आणि तपासणीवर येऊन पडते.

आणि स्रोतानेच एकदा जगाला हादरवले होते, त्यात भारताचाही वाटा आहे. पोलिओच्या पहिल्या लशी माकडांच्या मूत्रपिंडाच्या ताज्या पेशींवर वाढवत. त्यासाठी लागणारी तांबड्या तोंडाची माकडे मोठ्या प्रमाणात भारतातून परदेशी जात. १९६० मध्ये बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांनी दाखवून दिले, की या माकडांच्या पेशींत एसव्ही-४० नावाचा विषाणू शांतपणे राहत असतो. माकडाला तो काही करत नाही, आणि त्याच माकडाच्या पेशींवर तपासले तर दिसतही नाही. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या पेशींवर तपासल्यावर त्या पेशी फुगून फुटल्या, आणि तेव्हा तो सापडला. तोपर्यंत अमेरिकेत कोट्यवधी लोकांना पोलिओची लस देऊन झाली होती. सुदैवाने पुढच्या कित्येक दशकांच्या अभ्यासांत या लोकांत कर्करोग वाढल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. माकडांची निर्यात भारताने १९७८ मध्ये बंद केली. लस बनवणारे हळूहळू तपासून साठवलेल्या पेशींच्या कायमस्वरूपी पेढ्यांकडे वळले. तपासणीसाठी एकाच जातीच्या पेशी वापरून भागत नाही, हे तेव्हापासून पक्के झाले. आजही नमुना वेगवेगळ्या पेशींवर टाकून साधारण चार आठवडे वाट पाहिली जाते: कुठे पेशी फुगतात का, कुठे तांबड्या पेशी चिकटतात का.

२०१८ची घटना तर महाराष्ट्राच्या दारापर्यंत आली. पोलिओचे तीन प्रकार आहेत. त्यातला दुसरा प्रकार नैसर्गिक रूपात शेवटचा दिसला १९९९ मध्ये, अलीगढला. तो संपल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये भारतासह जगभर लशीतूनही दुसरा प्रकार काढून टाकला गेला. उरलेले साठे नष्ट करायचे आदेश होते. कारण सरळ होते: ज्या मुलांनी दुसऱ्या प्रकाराचा डोस घेतलेला नाही, त्यांच्यात हा दुबळा विषाणू फिरत राहिला, तर तो बदलून पुन्हा पांगळे करणारा होऊ शकतो. असे असताना सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुलांच्या शौचाच्या नमुन्यांत दुसऱ्या प्रकाराचा विषाणू सापडला. धागा गाझियाबादच्या एका लस कंपनीपर्यंत गेला. तिच्या उरलेल्या दोन प्रकारांच्या लशीत बाद झालेला हा दुसऱ्या प्रकाराचा विषाणू मिसळला होता. ही लस उत्तर प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या राज्यांत गेली होती. साठा परत मागवला गेला, मुलांवर लक्ष ठेवले गेले, आणि सुईने दिलेल्या पोलिओ लशीमुळे मुलांना दुसऱ्या प्रकाराविरुद्ध काही संरक्षण होते, ही जमेची बाजू ठरली.

या घटनेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की चूक कारखान्याच्या दारात पकडली गेली नाही. ती पकडली गेली शौचाचे आणि सांडपाण्याचे नमुने वर्षानुवर्षे चिकाटीने तपासणाऱ्या जाळ्यात. परळचे पूर्वीचे एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र, म्हणजे आताचे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे मुंबई केंद्र, हे या जाळ्यातले एक जुने ठाणे. मुंबईच्या गटारांचे पाणी ते २००१ पासून पोलिओसाठी तपासत आले आहे. पोलिओ गेला, आता हे कशाला, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचे उत्तर २०१८ने दिले आहे.

जिथे माणसाचे किंवा घोड्याचे रक्त लागत नाही, त्या नव्या औषधांना तरी धोका नाही ना? आहे, पण वेगळ्या स्वरूपाचा. जून २००९ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमधल्या जेन्झाइम कंपनीच्या ऑलस्टन कारखान्यात हॅमस्टरच्या पेशी नीट वाढेनात. शोध घेतल्यावर व्हेसिव्हायरस २११७ हा विषाणू सापडला. संशय गेला पेशींच्या खाद्यात वापरलेल्या गाईच्या रक्तद्रवावर. माणसाला तो अपाय करतो असे ठाऊक नाही. तरी कारखाना बंद करून सगळे निर्जंतुक करावे लागले आणि गौशे, फॅब्री या दुर्मीळ आजारांच्या जगभरच्या रुग्णांना पुढे दीर्घकाळ औषध अपुरे पडले. एका निरुपद्रवी विषाणूनेही रुग्णाचे नुकसान होते, ते असे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कंपन्यांच्या गटाने २०२० मध्ये अशा २६ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एरवी अशा गोष्टी कंपन्या दडवून ठेवतात. त्यांनी आपल्या चुका एकमेकांपुढे मांडल्या, हे फार मोठे काम झाले. प्राण्यांपासून आलेले घटक शक्यतो वापरायचे नाहीत, आणि वापरावेच लागले तर आधी त्यांना उष्णतेने किंवा किरणांनी शुद्ध करायचे, हा त्यातला मोठा निष्कर्ष.

शोधण्याची साधनेही बदलत आहेत. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एरिक डेलवार्ट यांच्या चमूने बाजारातल्या लशींमधली सगळीच्या सगळी जनुकीय सामग्री वाचून काढली. रोटाव्हायरसवरच्या एका लशीत त्यांना डुकराच्या सर्कोव्हायरसचे अंश दिसले. पेशी मोकळ्या करायला वापरलेल्या डुकराच्या ट्रिप्सिनमधून तो आला होता. अमेरिकेने मार्चमध्ये लस थांबवली आणि माणसाला धोका नाही हे स्पष्ट झाल्यावर मे महिन्यात पुन्हा सुरू केली. नेहमीची चाचणी ठरावीक विषाणूच शोधते. ही पद्धत कोण सापडेल हे आधी न ठरवता शोधते. २०२३च्या सुधारित मार्गदर्शिकेने ती मान्य केली आहे, आणि त्यामुळे उंदरांच्या पिल्लांवर आणि गिनीपिगवर केल्या जाणाऱ्या जुन्या चाचण्या कमी होतील.

नाशिकचा या विषयाशी संबंध आता नुसता औषध घेणाऱ्याचा राहणार नाही. दिंडोरी तालुक्यातल्या अक्राळे औद्योगिक क्षेत्रात रिलायन्स लाइफ सायन्सेसला प्लाझ्मापासूनची औषधे, लसी अशा उत्पादनांसाठी सुमारे १६० एकर जागा मिळाली आहे. अशा कारखान्याचा कच्चा माल असतो रक्तपेढ्यांकडे उरलेला प्लाझ्मा. म्हणजे शिवजयंतीला, गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात जी पिशवी भरते, तिचा एक भाग पुढे औषधाच्या टाकीत जाऊ शकतो.

त्या मांडवात रक्त देण्याआधी एक फॉर्म भरून घेतात. बरेचजण तो रांगेत उभ्या उभ्या, न वाचता टिकमार्क करत भरतात. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरे. पण संसर्ग झाल्यानंतर चाचणीत तो दिसेपर्यंत काही काळ जातो. प्रतिद्रव्यांच्या चाचणीत हिपॅटायटिस सी दिसायला दोन महिनेही लागू शकतात. त्या काळात चाचणी काही बोलत नाही. बोलू शकतो तो फक्त दाता. नुकताच टॅटू काढला असेल, कावीळ झाली असेल, असुरक्षित शरीरसंबंध आला असेल, तर ते फॉर्मवर खरे लिहा, किंवा आज रक्त देत नाही म्हणून शांतपणे बाजूला व्हा. आपली एचआयव्ही चाचणी फुकटात होईल म्हणून रक्तदान करू नका. ती चाचणी सरकारी रुग्णालयात समुपदेशनासह मोफत आणि गुप्तपणे होते.

आणि आपल्या घरात कुणाला लस, फॅक्टर, इम्युनोग्लोब्युलिन किंवा सर्पदंशाचे इंजेक्शन दिले गेले, तर बाटलीवरचा बॅच क्रमांक कार्डावर लिहून घ्या; नर्सताईंना सांगितले तर त्या लिहून देतात. उद्या एखादी तुकडी परत मागवली गेली, तर ती आपल्याला मिळाली होती का हे त्याच एका ओळीवरून कळते. औषधानंतर काही विपरीत घडले तर डॉक्टरांना सांगा, आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर स्वतःही कळवा. तिथे कळवायला डॉक्टर असावे लागत नाही.